बॅकगॅमनचा बॉट चुकतच नाही? चुकते नं भाऊ

धरमपेठेत टपरीवर मोबाइलवर बॅकगॅमन (फासे टाकून सोंगट्या हलवायचा दोघांचा खेळ) खेळणारी पोट्टी एकच म्हणून राहिली, बॉटनं (खेळणाऱ्या प्रोग्रामनं) दाखवलेला जिंकायच्या चान्सचा आकडा म्हणजे फायनल. तसं नाहीये. 1992 च्या सुमारास आयबीएममध्ये जेराल्ड टेसॉरोनं टीडी-गॅमन हे बॅकगॅमन खेळणारं सॉफ्टवेअर बनवलं, ते स्वतःशीच लाखो गेम खेळून शिकलं, आजचं ग्नू बॅकगॅमन वगैरे सॉफ्टवेअर त्याच वाटेनं आलं. पण त्यांच्यातलं न्यूरल नेटवर्क (उदाहरणांवरून शिकणारा प्रोग्राम) पोझिशन बघून जिंकायच्या चान्सचा अंदाज लावते, पक्का हिशोब नाही करत.

मग चुकूनही एवढं भारी काहून खेळते? तर एकाच दानाच्या दोन चाली बहुतेक सारख्याच पोझिशनमध्ये नेतात, दोन्हीकडची चूक जवळपास सेम असते आणि वजाबाकीत उडून जाते, दुकानातला काटा पन्नास ग्रॅम जास्त दाखवत असला तरी कोणती थैली जड ते बरोबरच सांगते नं, तसं. खरा घोळ डबलिंग क्यूबमध्ये (गेमची पैज दुप्पट करायचा फासा)! तिथं आकडाच खरा लागतो, 25 टक्क्यांच्या आसपास चान्स असला की समोरच्यानं दिलेला डबल घ्यायचा का गेम सोडायचा हे त्याच्यावरच ठरते, अन् बॅकगेमसारख्या (समोरच्याच्या घरात सोंगट्या धरून मागून खेळायचा डाव) अडकलेल्या पोझिशनमध्ये तर अंदाज जास्तच भरकटते.

म्हणून रोलआउट करतात, तीच पोझिशन बहुतेकदा 1296 वेळा (36 गुणिले 36, म्हणजे पहिल्या दोन दानांच्या सगळ्या जोड्या) खेळवून सरासरी काढतात. पण खेळणारा तोच बॉट, त्यामुळे त्याच्या सवयी तिथंही उतरतात. शेवटच्या बेअर-ऑफमध्ये (सोंगट्या पटाबाहेर काढायचा टप्पा) मात्र सोंगट्या थोड्याच उरल्या की आकडा आधीच मोजून ठेवलेल्या डेटाबेसमधून येते, तिथं वाद नका घालू.