टाकीतली डांबरगोळी आणि एका लिटरचा हिशोब

पेट्रोलच्या टाकीत दोन डांबरगोळ्या टाकल्या की गाडी जास्त ॲव्हरेज देते, हा सल्ला ऐकला नाही असा गाडीवाला विरळाच. पेट्रोल हवेत मिसळणारे कार्बुरेटर गेले, पेट्रोलचा मोजून फवारा मारणारे इंजेक्टर आले, बॉनेटखाली संगणक बसला, तरी डांबरगोळी काही हटायला तयार नाही. आणि ती अगदीच बिनबुडाची आहे असंही नाही. जुनी डांबरगोळी म्हणजे नॅफ्थलीन. तोही पेट्रोलसारखाच कार्बन-हायड्रोजनचा पदार्थ, पेट्रोलमध्ये विरघळणारा आणि जळणारा. हलक्या प्रतीच्या पेट्रोलवर ठोकणारं, म्हणजे इंधन अवेळी पेटून खटखट करणारं, एखादं जुनं इंजिन त्याने थोडं शांत झालंही असेल. पण नॅफ्थलीन वितळायला ८० अंश सेल्सिअस लागतात. पेट्रोल उडून गेलं की ते घनरूपात मागे उरतं, आणि इंजेक्टरची भोकं फारच बारीक असतात. शिवाय हल्लीच्या बऱ्याच गोळ्या नॅफ्थलीनच्या नसतातच. त्यांत क्लोरीन असलेलं पॅराडायक्लोरोबेंझीन असतं, आणि ते जळलं की हायड्रोक्लोरिक आम्ल तयार होतं. इंजिनाला आम्ल पाजून ॲव्हरेज वाढावं ही अपेक्षा जरा जास्तच झाली.

घरगुती उपायांची टिंगल करायची नाही. मला तर त्यांच्यामागची खटपट आवडते. फक्त प्रत्येक उपायाला एक साधा प्रश्न विचारायचा: बाबा रे, तू नेमका कोणता खर्च वाचवतोस? त्यासाठी आधी पेट्रोल खर्च कुठे होतं ते पाहायला हवं.

एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते, म्हणजे सुमारे ९ युनिट विजेइतकी. आता १,२०० किलोची एक मध्यम गाडी घ्या आणि सपाट रस्त्यावर ती ताशी ८० किलोमीटरच्या ठरावीक वेगाने चालवा. हवा तिला सुमारे २०० न्यूटन बळाने मागे ढकलते आणि टायर सुमारे १४० न्यूटनने अडवतात. या दोघांवर मात करत १०० किलोमीटर जायला ३४ मेगाज्यूल काम करावं लागतं. म्हणजे गाडी ढकलण्याच्या खऱ्या कामाला जेमतेम एक लिटर पेट्रोल पुरतं! प्रत्यक्षात टाकीतून चार-पाच लिटर जातात.

बाकीचं जातं कुठे? बहुतेक उष्णता होऊन सायलेन्सरमधून आणि रेडिएटरमधून बाहेर पडतं. थोडं इंजिनातल्या घर्षणात मुरतं. ही उधळपट्टी कारागिरीतली चूक नव्हे. उष्णतेवर चालणाऱ्या कुठल्याही इंजिनाला सगळी उष्णता कामात बदलता येणार नाही, ही मर्यादा सादी कार्नो या फ्रेंच अभियंत्याने १८२४ मध्येच दाखवून दिली होती. तेव्हा मोटारगाडी जन्मालाही आली नव्हती.

इथेच बऱ्याच ‘पेट्रोलबचत’ यंत्रांची गोची होते. त्यांची जाहिरात सांगते की इंजिनात इंधन अर्धवट जळतं, आमचं यंत्र ते पूर्ण जाळतं. पण सुस्थितीतल्या आधुनिक इंजिनात ९७-९८ टक्क्यांहून अधिक इंधन आधीच जळत असतं. एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर सतत चव घेत असतो आणि संगणक त्यानुसार इंधनाचं माप कमीजास्त करतो. तेव्हा चमत्कार जरी घडला तरी हाती लागणार ते उरलेले दोन टक्के. इंधनाच्या नळीवर बसवायच्या लोहचुंबकाकडून तर तेवढंही होत नाही. पेट्रोलच्या रेणूंवर चुंबकाचा परिणाम जवळपास नसल्यासारखाच असतो, आणि नळीतून पुढे गेल्यावर तोही उरत नाही.

पाण्यापासून हायड्रोजन बनवून तो इंजिनात सोडणारी किट जास्त विद्वान दिसतात, पण हिशोब तिथेही फसतो. पाणी फोडायला वीज लागते, वीज अल्टरनेटर देतो, अल्टरनेटरला इंजिन फिरवतं. इंजिनाने अल्टरनेटरला १०० भाग काम दिलं तर वीज मिळते साधारण ६० भाग. त्यातून हायड्रोजनमध्ये साठतात ४० भाग. तो हायड्रोजन त्याच इंजिनात जाळला की परत येतात १२. शंभर देऊन बारा घेण्याचा हा व्यवहार पाण्यामुळे फुकटाचा वाटतो इतकंच. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने अशी १०० हून अधिक बचतयंत्रं तपासली, आणि ॲव्हरेजमध्ये लक्षणीय वाढ करणारं एकही तिला सापडलं नाही.

मग आपल्या हातात काय उरतं? ब्रेक, हवा आणि टायर. पैकी ब्रेकचा खर्च लोकांना सहसा दिसतच नाही, कारण ब्रेक दाबताना पेट्रोल जळत नाही. पण ते आधीच जळलेलं असतं. ताशी ६० किलोमीटरने धावणाऱ्या आपल्या १,२०० किलोच्या गाडीत सुमारे १६७ किलोज्यूल गतिज ऊर्जा साठलेली असते. ती कमावताना इंजिनाने साधारण २० मिलिलिटर पेट्रोल जाळलेलं असतं, म्हणजे चहाचे चार चमचे. ब्रेक दाबून थांबलात की हे चार चमचे तापलेल्या डिस्कवरून हवेत गेले. असं ५० वेळा झालं की एक लिटर संपलं, आणि त्या लिटरने तुम्हाला कुठेही नेलेलं नसतं. सगळी ऊर्जा ब्रेकमध्येच जाते असं नाही, काही हवेने आणि टायरनेही खाल्लेली असते. पण शहरातल्या गाडीचं ॲव्हरेज का पडतं याचं मोठं उत्तर या चमच्यांत आहे.

म्हणून पुढे लाल दिवा दिसताच ॲक्सिलरेटरवरून पाय काढावा आणि गाडीला आपल्या जोरावर तिथवर जाऊ द्यावं. यात वेळ जात नाही, थांबायचं तर तिथेच असतं. मात्र गिअर काढू नका. उतारावर गाडी न्यूट्रलला टाकणारे अजून पुष्कळ आहेत, आणि कार्बुरेटरच्या काळात त्यांच्या म्हणण्यात थोडं तथ्य होतं. इंजेक्शनच्या इंजिनात नेमकं उलटं घडतं. गिअरमध्ये असताना पाय उचलला की चाकंच इंजिनाला फिरवतात आणि संगणक इंजेक्टर पूर्ण बंद करतो, खर्च शून्य. न्यूट्रलमध्ये इंजिन बंद पडू नये म्हणून त्याला इंधन पाजत राहावं लागतं. वर इंजिनाचा अडसर गेल्यामुळे सगळा भार ब्रेकवर येतो, आणि लांब उतारावर तापलेले ब्रेक धरेनासे होतात. इंजिनच बंद करून उतार उतरणं तर जिवाशी खेळ आहे. ब्रेकला मिळणारी मदत दोन-तीन दाबांत संपते, स्टिअरिंग जड होतं, आणि किल्ली काढली तर ते कुलूपबंदही होऊ शकतं.

आणखी एक गैरसमज म्हणजे अगदी गोगलगायीसारखा वेग वाढवावा हा. थ्रॉटल, म्हणजे इंजिनात हवा सोडणारी झडप, जेमतेम उघडा असला की पेट्रोल इंजिनाला अरुंद फटीतून हवा ओढून घ्यावी लागते, आणि त्यात शक्ती वाया जाते. खालच्या गिअरमध्ये रेंगाळण्यापेक्षा माफक जोराने वेग घेऊन लवकर वरचा गिअर टाकणं बरं.

हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ८० ला जे २०० न्यूटन होते, ते १०० ला ३०० च्या वर जातात. टायरचा वाटा फारसा बदलत नाही, तरी एकूण काम जवळपास तिसऱ्या हिश्शाने वाढतं. टपावरचा रिकामा कॅरिअरसुद्धा हेच करतो, म्हणून गरज संपली की तो उतरवून ठेवावा. एसी की काच उघडी, या वादाचा निकालही इथेच लागतो. गर्दीतल्या संथ वेगाला काचा उघड्या ठेवणं स्वस्त पडतं, पण वेग वाढेल तसतशी उघड्या काचेची किंमतही वाढत जाते. उन्हात तापलेल्या गाडीत बसल्याबरोबर मात्र आधी काचा उघडून गरम हवा बाहेर जाऊ द्यावी, मग एसी लावावा.

टायरमध्ये हवा कमी असली की प्रत्येक फेऱ्यात रबर जास्त दबतं, उलगडतं आणि त्यात ऊर्जा उष्णता होऊन जाते. चारही टायरमधला सरासरी दाब एक पीएसआयने उतरला तर खर्च साधारण ०.२ टक्क्याने वाढतो. आकडा किरकोळ वाटतो, पण दहा पीएसआय उतरलेल्या टायरवर महिनोन्‌महिने फिरणाऱ्या गाड्या कमी नाहीत, आणि तसा टायर तापून फुटू शकतो ही वेगळीच काळजी. किती हवा भरायची हा आकडा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या पट्टीवर असतो. टायरवर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा, तो भरायचा नसतो. जास्त हवेने ॲव्हरेज किंचित वाढेल, पण रस्त्यावरची पकड घटते आणि टायर मधोमध झिजतो. दाब तपासायचा तो टायर थंड असताना. टायरमध्ये हवेऐवजी भरतात त्या नायट्रोजनबद्दल विचाराल तर साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो.

काही प्रश्न झटपट संपणारे. सकाळी थंड पेट्रोल दाट असतं म्हणून सकाळी भरावं का? पेट्रोल एका अंशाला जेमतेम ०.१ टक्का प्रसरण पावतं आणि पंपाची टाकी जमिनीखाली असते, जिथे सकाळ-दुपारचा फरक पोचत नाही. झोप मोडू नका. महागड्या जास्त ऑक्टेनच्या पेट्रोलमध्ये जास्त शक्ती असते का? नाही, ऑक्टेन आकडा नॉकिंग, म्हणजे इंजिनाची ती ठोक, रोखण्याची क्षमता सांगतो. गाडीच्या पुस्तिकेने मागितलं नसेल तर बहुधा फायदा नाही. एअर फिल्टर मळला की ॲव्हरेज पडतं, हे कार्बुरेटरच्या गाड्यांना लागू होतं. इंजेक्शनच्या गाडीत संगणक इंधनही त्या प्रमाणात कमी करतो, त्यामुळे पडतो तो पिकअप. ऑइल काळं झालं म्हणजे खराब झालं का? काजळी पोटात धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे. डिझेल गाडीत तर नवं ऑइलही लवकरच काळं होतं. बदलायचं ते पुस्तिकेत दिलेल्या किलोमीटरला किंवा मुदतीला.

रेडिएटरमध्ये नुसतं पाणी घालण्याचं प्रकरण जरा गुंतागुंतीचं आहे. उष्णता वाहून नेण्यात पाणी खरं तर कूलंटपेक्षा सरस आहे, म्हणून ‘पाण्यानेही चालतंय की’ असं म्हणणारा खोटं बोलत नसतो. पण पाणी धातू गंजवतं, क्षारांचे थर बसवतं आणि लवकर उकळतं. कूलंट ते उशिरा उकळवतं आणि गंज रोखतं. वाटेत अडल्यावर पाणी जरूर घाला, मात्र इंजिन निवल्यावरच. तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडलं की दाबाखाली दबून राहिलेलं पाणी त्या क्षणी वाफ होऊन अंगावर येतं.

पिवळ्या पडलेल्या हेडलाइटवर टूथपेस्ट घासायची युक्ती खरंच लागू पडते. का लागू पडते तेही पाहा. हेडलाइटचं आवरण पॉलिकार्बोनेट प्लॅस्टिकचं असतं आणि त्यावर अतिनील किरणांपासून वाचवणारा पातळ लेप असतो. उन्हाने तो लेप आणि खालचं प्लॅस्टिक पिवळं पडतं, आणि टूथपेस्टमधली बारीक पूड ते खरवडून काढते. काच लखलखते, पण उरलासुरला लेपही त्याबरोबर जातो, म्हणून पुढच्या वेळी पिवळेपणा आणखी लवकर येतो. घासून झाल्यावर वर नवा संरक्षक लेप दिला तरच या मेहनतीला अर्थ. कोरड्या फडक्याने गाडी पुसणाऱ्यांनीही हे खरवडणं लक्षात ठेवावं. धुळीत गारगोटीचे कण असतात, आणि ते रंगावरच्या पारदर्शक थरापेक्षा कितीतरी कठीण असतात. उन्हात चमकणाऱ्या त्या कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेघा बहुतेक वेळा आपल्याच फडक्याने काढलेल्या असतात. आधी पाणी, मग फडकं.

उपाय चालला तरी त्यामागचं कारण भलतंच असू शकतं, याचा एक छान किस्सा आहे. १९१६ च्या सुमारास अमेरिकेत टॉमस मिजली हा अभियंता नॉकिंगवर इलाज शोधत होता. त्याच्या वरिष्ठाला, चार्ल्स केटरिंगला वाटलं की इंधनाला लाल रंग दिला तर ते उष्णता लवकर शोषून नीट जळेल. हाताशी लाल रंग नव्हता, म्हणून मिजलीने आयोडिन घातलं आणि इंजिनाची ठोक थांबली! पण तो तिथे थांबला नाही. त्याने खरे लाल रंग घालून पाहिले, तर काहीच झालं नाही. मग आयोडिनचं एक रंगहीन संयुग घातलं, ते चाललं. रंगाचा काही संबंध नव्हता. याच शोधाच्या वाटेवर १९२१ मध्ये त्याला शिशाचं ते संयुग सापडलं, जे पुढे जगभरच्या पेट्रोलमध्ये मिसळलं गेलं. ते विष गाड्यांच्या पेट्रोलमधून घालवायला शोधापासून बरोबर एक शतक लागलं. गाड्यांसाठी शिसेयुक्त पेट्रोल विकणं अल्जीरियाने २०२१ मध्ये बंद केलं, आणि तो असं करणारा शेवटचा देश होता.

तुम्हालाही एखादी युक्ती पारखायची असेल तर मिजलीसारखी पारखा. डॅशबोर्डवरच्या आकड्यावर विसंबू नका. त्याच पंपावर, नोझल पहिल्यांदा आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरा, किलोमीटर लिहा, पुढच्या वेळी पुन्हा तसंच करा. एका टाकीवरून काही ठरत नाही, कारण रस्ता, हवामान आणि गर्दी यांनीच आकडा पाच-दहा टक्के हलतो. युक्तीशिवाय पाच टाक्या, युक्तीसह पाच, आणि मग ती काढून पुन्हा पाच. सगळ्यात मोठी फसवणूक आपला उजवा पाय करतो. नवं यंत्र बसवलं की माणूस नकळत जपून चालवू लागतो आणि श्रेय यंत्राला जातं. म्हणून शक्य असेल तर ते लावणं-काढणं दुसऱ्या कुणाकडे सोपवावं, आणि चालवणाऱ्याला त्याचा पत्ता लागू देऊ नये. डांबरगोळीवर मात्र हा प्रयोग करू नका. पाच टाक्यांनंतर ती काढून कशी घेणार?