अ‍ॅक्सल पाणी पितो तो असा

पावसाळा लागला की ताम्हिणी, मुळशी, भंडारदऱ्याकडे फोर बाय फोर गाड्यांची रीघ लागते. सोबत एक ठाम समजूतही येते : ‘कंपनीने ६५० मिलिमीटर पाणी चालतं म्हटलंय, मग कशाला घाबरायचं?’ २०२० च्या थारसाठी तो आकडा खराच आहे. पण इंजिनने पाणी ओढू नये म्हणून घालून दिलेली ती मर्यादा आहे, डाव्या-उजव्या चाकांना जोडणाऱ्या दांड्याचा, म्हणजे अ‍ॅक्सलचा त्याच्याशी संबंध नाही. थारला २५५/६५ आर १८ टायर असतील, तर चाकाचा मध्य जमिनीपासून जेमतेम ३९ सेंटिमीटरवर येतो. म्हणजे ६५० मिलिमीटर पाण्यात मागचा सलग अ‍ॅक्सल पुरता बुडालेला असतो.

बुडाला की पाणी दाबाने आत घुसतं, असं आपण धरून चालतो. वर २६ सेंटिमीटर पाणी, त्याचा दाब तो किती! खरी करामत तापमानाची आहे.

अ‍ॅक्सलच्या हाउसिंगमध्ये, म्हणजे बाहेरच्या कवचात, थोडं गिअर ऑइल असतं, उरलेल्या जागेत हवा. क्राउन-पिनियन या आतल्या गिअरच्या जोडीचे दात नुसते फिरत नाहीत, एकमेकांवर घासत सरकतात, त्यामुळे घाट चढून आलेलं हाउसिंग सहज ७५ अंशांपर्यंत तापतं. तापलेली हवा फुगते आणि ब्रीदर नावाच्या छोट्या टोपीतून बाहेर पडते. आता गाडी २५ अंशांच्या ओढ्यात उतरली. केल्व्हिनमध्ये हे ३४८ वरून २९८ वर येणं झालं. बंद जागेतल्या हवेचा दाब याच प्रमाणात पडतो, म्हणजे सुमारे १४ टक्क्यांनी. वातावरणाच्या दाबाचे १४ टक्के म्हणजे जवळपास दीड मीटर पाण्याच्या स्तंभाचा दाब. बाहेरचं पाणी ढकलतं त्याच्या पाचपट जोराने अ‍ॅक्सल आतून ओढत असतो! तेल निवायला वेळ लागतो, त्यामुळे ही ओढ एका क्षणात पूर्ण लागत नाही. पण पाण्यात गाडी रुतून दहा मिनिटं उभी राहिली, तर पुष्कळच लागते.

ब्रीदर मोकळा आणि पाण्याच्या वर असेल तर तिथून हवा आत येते आणि विषय संपतो. तो चिखलाने बुजला असेल तर वाट उरते शाफ्टभोवतीच्या रबरी कड्याची, म्हणजे ऑइल सीलची. सीलची मुख्य रबरी ओठी आतल्या बाजूला तोंड करून असते, कारण तिचं काम तेल आत ठेवण्याचं. उलट्या बाजूने ओढ लागली की ती किंचित उचलली जाते, आणि गाळ मिसळलेलं पाणी आत. त्या गाळातली रेती शाफ्टवर चरा पाडते. मग नवं सील बसवलं तरी गळतच राहतं.

नव्या गाडीच्या चाकाखाली लिंबू न चुकता चिरडलं जातं. ब्रीदर कुठे आहे, हे मात्र वाकून कुणी बघत नाही. टोपी काढून तिथे तेल सोसणारी नळी बसवावी, ती इंजिनच्या वरच्या भागापर्यंत न्यावी आणि टोकाला पेट्रोलचा छोटा फिल्टर लावावा. चाकं वरखाली होताना ताणली जाणार नाही इतकी ढील नळीला ठेवायची. खोल पाण्यात उतरण्याआधी गाडी पंधरा-वीस मिनिटं निवू दिली, तरी बराच फरक पडतो.

परत आल्यावर गाडी सपाटीवर रात्रभर उभी करा. सुटं पाणी तेलापेक्षा जड, ते तळाशी बसतं. सकाळी ड्रेन बोल्ट अर्धवट सैल केला की आधी तेच थेंब येतात. घुसळलं गेलेलं पाणी मात्र खाली बसत नाही. तेल दुधाच्या चहासारखं दिसलं तर ते सगळं बदलायचं. आधी भरायचा बोल्ट उघडा, मगच खालचा. वरचा गंजून अडकलेला निघाला आणि तेल सोडून झालेलं असेल, तर गाडी जागेवरच. बोल्टच्या चुंबकावर करडा बारीक लेप चालतो. बोटाला टोचणारे कण आले तर बेअरिंग किंवा दात गेले समजा.

हाउसिंग डिझेलने धुण्याची गॅरेजमधली रीत सोडा, कोपऱ्यात राहिलेलं डिझेल नवं तेल पातळ करतं. त्याच ग्रेडचं स्वस्त तेल भरून पाच-दहा किलोमीटर सावकाश फिरा, गरम असतानाच ते काढा, मग पुस्तिकेत दिलेलं तेल भरा. बहुतेक ठिकाणी ते जीएल-५ प्रकारचं, ८०डब्ल्यू-९० किंवा ७५डब्ल्यू-९० असतं. सपाटीवर उभ्या गाडीत भरायच्या भोकातून तेल ओघळू लागलं की पुरे. लिमिटेड स्लिप डिफरन्शियल (एकच चाक नुसतं घसरत फिरू न देणारी रचना) असेल तर त्याचं वेगळं अ‍ॅडिटिव्ह विसरू नका. हे सगळं ‘पुढच्या सर्व्हिसला बघू’ म्हणून ठेवलं, तर उभ्या गाडीत बेअरिंगच्या रोलरवर गंजाचे ठिपके पडतात, आणि तिथूनच पत्र्यासारखे पापुद्रे सुटू लागतात.

धुताना प्रेशर गन सील आणि ब्रीदरवर धरू नका. गनचा दाब शंभर बारच्या घरातला, सील सोसतं अर्ध्या बारच्या आतबाहेर. गिअरकडून चाकांकडे ताकद नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टच्या यूजे क्रॉसला (युनिव्हर्सल जॉइंटच्या फुलीला) ग्रीस भरायचं निपल असेल तर चारही टोप्यांतून जुनं ग्रीस बाहेर येईपर्यंत ग्रीस गन मारा. एका टोपीतून आलं नाही तर ती अडकलीय. मागे ड्रम ब्रेक असेल तर तोही उघडून बघा, गळलेलं तेल ब्रेक शूवर उतरलं की शू बाद. शेवटी चाक जॅकवर उचलून वर-खाली धरून हलवा. खडखड लागली तर हब उघडायचा.