मूल बॉक्सिंग स्पर्धेत उतरणार असेल तर: पात्रता, कागदपत्रे आणि एकतर्फी लढत थांबवण्याची जबाबदारी

जुलै-ऑगस्ट उजाडला की शाळांमध्ये शालेय क्रीडा स्पर्धांच्या प्रवेशिका भरायची घाई सुरू होते. कबड्डी-खोखोला मराठवाड्यात खेळाडू शोधावे लागत नाहीत. बॉक्सिंगचं तसं नाही. जिल्ह्यात एकेका वजनगटात दोन-तीन नावं आली तरी खूप, कधी एकच येतं. मग एकही लढत न खेळता पोरगं थेट विभागाला जातं, आणि हे एकदा कळलं की चार महिन्यांपूर्वी पहिल्यांदा ग्लोव्हज घातलेल्या मुलाचंही नाव यादीत चढतं. यात कुणाचा वाईट हेतू नसतो. दहावी-बारावीला क्रीडा सवलतीचे गुण आहेत, पुढे सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे, आणि बापाला या दोन्ही गोष्टी ठाऊक असतात.

पण विभागात आणि राज्यात ड्रॉ चिठ्ठीने पडतो. जत्रेच्या फडात पंच जोड लावताना दोन्ही पैलवान शेजारी उभे करून बघतात, बेजोड कुस्ती लोकच लागू देत नाहीत. बॉक्सिंगच्या ड्रॉमध्ये वजन आणि वय जुळलं की जोड लागली, मग एकाची ती पहिलीच लढत असो आणि दुसऱ्याची चाळिसावी. म्हणून प्रवेशिका भरताना प्रत्येक कागद कुणाच्या सहीचा आहे आणि ती सही करणारा कशाची जबाबदारी घेतोय, हे पालकांनी समजून घ्यावं.

पात्रता

बॉक्सिंग संघटनेच्या स्पर्धांमध्ये वय जन्मवर्षावरून धरतात. १३-१४ वर्षांचे सब-ज्युनियर, १५-१६ ज्युनियर, १७-१८ युथ आणि १९ ते ४० एलिट. शालेय स्पर्धांची विभागणी वेगळी आहे: १४, १७ आणि १९ वर्षांखालील. हा फरक कागदावर किरकोळ दिसतो, रिंगमध्ये तो किरकोळ राहत नाही. १७ वर्षांखालील गटात नुकतीच चौदा पूर्ण केलेला मुलगा आणि सतराला टेकलेला मुलगा एकाच वजनात समोरासमोर येऊ शकतात. काटा दोघांना सारखंच दाखवतो, पण खांद्यातली ताकद आणि मानेचे स्नायू सारखे नसतात. ठोसा डोक्यावर बसला की डोकं किती झटकन फिरतं हे मानेवर बरंच अवलंबून असतं, आणि मेंदूला इजा होते ती याच झटक्याने.

काही देश अनुभवही मोजतात. अमेरिकेतल्या हौशी बॉक्सिंगमध्ये दहा किंवा त्याहून कमी लढती खेळलेल्यांना नवोदित धरतात आणि त्यांच्यासाठी वेगळ्या स्पर्धा ठेवतात. आपल्या शालेय प्रवेशिकेत गट ठरतो तो वय आणि वजनावर. अनुभवाची चाळणी प्रशिक्षकाने लावली तरच लागते. माझं स्पष्ट मत आहे की ज्याने आपल्याच क्लबात वेगवेगळ्या जोडीदारांशी नियमित स्पारिंग, म्हणजे सरावाच्या लढती, केलेलं नाही, त्याचं नाव त्या वर्षी पाठवू नये. प्रशिक्षक आग्रह धरत असेल तर ‘आतापर्यंत किती लढती झाल्या’ हे त्याच्याकडून लिहून घ्या. लिहायची वेळ आली की पुष्कळांचा आग्रह मावळतो.

कागदपत्रे

शालेय स्पर्धेची प्रवेशिका शाळा किंवा कनिष्ठ महाविद्यालय भरतं, पालक थेट भरत नाहीत. ती जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाकडे जाते, तिथून जिल्हा, विभाग आणि राज्य अशी चढण. मराठवाड्यासाठी छत्रपती संभाजीनगर आणि लातूर असे दोन क्रीडा विभाग आहेत. सोबत जन्मदाखला, आधार, शाळेचं बोनाफाईड, फोटो आणि मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्याचा ओळख व पात्रता नमुना लागतो. दहावी झालेली असेल तर गुणपत्रिकाही ठेवा. जन्मतारीख सगळीकडे एकच हवी. आधारवर एक आणि शाळेच्या निर्गम उताऱ्यावर दुसरी, हा आपल्याकडचा नेहमीचा घोळ. तो स्पर्धेच्या आदल्या दिवशी सुटत नाही, जूनमध्येच निस्तरा. जन्माची नोंद खूप उशिरा झालेली असेल तर वयाबद्दल शंका घेतली जाते आणि हाडांच्या वयाची तपासणीही होऊ शकते. वय चोरून मोठं पोर लहान गटात घुसवणं ही नुसती फसवणूक नाही. समोरच्या लहानग्याच्या डोक्याशी तो खेळ असतो.

संघटनेच्या स्पर्धांसाठी जिल्हा आणि राज्य संघटनेमार्फत वेगळी नोंदणी होते आणि खेळाडूच्या नावाने लढतींची नोंदवही ठेवली जाते. ही वही प्रशिक्षकाच्या कपाटात न ठेवता घरी ठेवा. कारण खाली येतंय.

वैद्यकीय प्रमाणपत्र

सगळ्या कागदांत महत्त्वाचा हाच आणि सगळ्यात उरकला जाणाराही हाच. ओळखीच्या दवाखान्यात जाऊन ‘फिट फॉर स्पोर्ट्स’ लिहून आणलेला कागद टेबलावर चालून जातो, रिंगमध्ये तो काही कामाचा नाही. डॉक्टरांना ‘धावायला जायचंय’ असं न सांगता ‘बॉक्सिंगची स्पर्धा आहे’ असं सांगा. मग ते वेगळे प्रश्न विचारतील: पूर्वी फिट आली होती का, डोक्याला मार लागून बेशुद्ध पडला होता का, मेंदूत रक्तस्राव झाला होता का, डोळ्याच्या पडद्याचं काही ऑपरेशन झालंय का, चष्म्याचा नंबर किती, रक्त गोठायला वेळ लागतो का. यातलं काहीही असेल तर बॉक्सिंग बंद करण्याचा सल्ला मिळू शकतो. तो लपवू नका. दुचाकीवरून पडून टाके पडलेलं पोर महिन्याभरात रिंगमध्ये, असं व्हायला नको.

दुसरी तपासणी स्पर्धेच्या ठिकाणी, वजनाच्या वेळी होते. तिथे स्पर्धेचे डॉक्टर खेळाडूला खेळू न देण्याचा निर्णय घेऊ शकतात आणि बाहेरून आणलेलं प्रमाणपत्र त्यापुढे टिकत नाही. वजनात बसण्यासाठी दोन दिवस पाणी तोडलेली मुलं इथे ओळखू येतात: ओठ सुकलेले, नाडी पळतेय. अशा मुलाला खालच्या वजनगटात ढकलणं ही प्रशिक्षकाची चूक आहे, आणि त्याला तसंच रिंगमध्ये सोडणं ही डॉक्टरांची.

पालकांचं हमीपत्र

‘स्पर्धेदरम्यान काही इजा झाल्यास आयोजक जबाबदार राहणार नाहीत’ अशी ओळ असलेल्या कागदावर बहुतेक ठिकाणी सही घेतात. कुठे स्टँपपेपरवर. पालक त्याला घाबरतात आणि आयोजक त्यावर विसंबून राहतात. दोघांचाही गैरसमज आहे.

भारतीय न्याय संहितेचं कलम २५ (जुन्या दंडसंहितेतलं कलम ८७) खेळातल्या संमतीबद्दलच आहे. जिवाला किंवा गंभीर इजेला कारण होईल असा हेतू किंवा जाणीव नसेल, तर संमतीने झालेली इजा गुन्हा ठरत नाही. कायद्यात दिलेलं उदाहरण पट्टेबाजीचं आहे. पण ही संमती अठरा वर्षांवरील व्यक्तीची हवी, आणि संमती असते ती नियमाने होणाऱ्या खेळाला. डॉक्टर नसलेल्या रिंगला, किंवा उभं राहता येत नसताना चालू ठेवलेल्या लढतीला कुणी संमती दिलेली नसते. अल्पवयीनाने केलेला करार तर मुळातच रद्दबातल. निष्काळजीपणाने मृत्यू झाला तर कलम १०६ नुसार पाच वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. गंभीर दुखापतीसाठी कलम १२५ आहे. जुलै २०२२ मध्ये बंगळुरूत किकबॉक्सिंगच्या स्पर्धेत ठोसा बसून कोसळलेला म्हैसूरचा २३ वर्षांचा खेळाडू दोन दिवसांनी गेला, तेव्हा आयोजकांवर निष्काळजीपणाचा गुन्हा नोंदला गेला होता.

म्हणजे हमीपत्रावर सही करायला हरकत नाही, फक्त त्याची प्रत घ्या. त्याच कागदावर खाली दोन ओळी स्वतःच्या हाताने लिहा: रिंगजवळ डॉक्टर आणि रुग्णवाहिका असेल या अटीवर संमती देत आहे. कुणी नाही म्हणालं, तर कुठे चाललोय ते तिथेच कळतं.

लढत कोण थांबवू शकतो

पहिला रेफरी. खेळाडू खाली पडला किंवा उभ्यानेच सुन्न झाला तर तो आठपर्यंत मोजतो, डोळ्यांत बघतो आणि पुढे खेळू द्यायचं की नाही ते ठरवतो. प्रौढ पुरुषांत एका फेरीत तीन किंवा पूर्ण लढतीत चार वेळा मोजावं लागलं की लढत संपते. पण रेफरीला मोजण्या पूर्ण होईपर्यंत थांबायचं बंधन नाही. एक खेळाडू सरसच आहे, किंवा दुसरा नुसता मार खातोय, एवढं कारण त्याला पुरतं. निकालपत्रकावर अशा निकालापुढे ‘आरएससी’ (रेफरीने लढत थांबवली) लिहितात. आपल्याकडे प्रेक्षक अशा रेफरीवर ओरडतात, ‘खेळू द्या की’ म्हणतात. ओरडू द्यावं.

दुसरा कोपऱ्यातला प्रशिक्षक. टॉवेल टाकून तो आपल्या खेळाडूची लढत सोडू शकतो. २०१९ मध्ये अमेरिकेत मॅक्सिम दादाशेव या व्यावसायिक बॉक्सरच्या लढतीत प्रशिक्षक बडी मॅकगर्ट यांनी अकराव्या फेरीनंतर त्याला अक्षरशः विनवून लढत थांबवली. दादाशेव नकोच म्हणत होता. चार दिवसांनी तो गेला. प्रशिक्षकाने थांबवूनही उशीर झालेला असू शकतो, तर ‘अजून एक फेरी बघू’ म्हणणाऱ्याचं काय? मुलगा स्वतःहून थांबवा म्हणणार नाही हे गृहीत धरूनच कोपऱ्यात माणूस उभा करायचा असतो.

तिसरे रिंगजवळचे डॉक्टर. जखम वा डोक्याच्या इजेबद्दल त्यांचं मत आल्यावर लढत पुढे रेटायची नसते. आणि या सगळ्यांवर आयोजक संस्था. इंग्लंडमध्ये २१ सप्टेंबर १९९१ ला ख्रिस युबँकविरुद्धच्या लढतीत मायकेल वॉटसन कोसळला. रिंगजवळ तातडीच्या उपचाराची सोय नव्हती आणि त्याला आधी नेलं त्या रुग्णालयात मेंदूची शस्त्रक्रिया होत नव्हती. तो कायमचा अपंग झाला. त्याने ब्रिटिश बॉक्सिंग बोर्डावर दावा लावला आणि डिसेंबर २००० मध्ये अपील न्यायालयाने बोर्डालाच जबाबदार धरलं: नियम तुम्ही करता, तर वैद्यकीय सोय पुरेशी ठेवणंही तुमचंच काम. हा निकाल आपल्या न्यायालयांवर बंधनकारक नाही, पण आयोजकांनी तो वाचावा असाच आहे.

स्पर्धा भरवणाऱ्यांसाठी

जयंतीनिमित्त किंवा नेत्याच्या वाढदिवसाला ‘चषक’ भरवायची हौस आता बॉक्सिंगपर्यंत आलीय. अशा ठिकाणी ड्रॉही नसतो, प्रेक्षणीय लढती लावतात, त्यामुळे जोड लावणाऱ्याची जबाबदारी आणखी वाढते. जिल्हा संघटनेची मान्यता आणि पंच-रेफरींची मागणी लेखी करा. स्थानिक पोलिस ठाण्याची परवानगी घ्या. वैद्यकीय पथकासाठी जिल्हा शल्यचिकित्सकांना तारीख, वेळ आणि ठिकाण लिहून अर्ज द्या, पोच घ्या. १०८ ला फोन करू, एवढी तयारी पुरेशी नाही. ती गाडी तेव्हा दुसऱ्या अपघातावर गेलेली असू शकते. रुग्णवाहिका मैदानावर उभी हवी, आणि ती निघून गेली तर परत येईपर्यंत लढती बंद.

सीटी स्कॅन आणि मेंदूचा सर्जन कुठे आहे हे आधी फोन करून विचारा. संभाजीनगरला घाटी रुग्णालय, नांदेडला विष्णुपुरीचं रुग्णालय, लातूरला शासकीय वैद्यकीय संस्था ही नावं तोंडावर असतात, पण त्या रात्री सर्जन आहे का हा प्रश्न वेगळा. डोक्यातल्या रक्तस्रावात पहिले काही तासच हातात असतात, आणि तालुक्याच्या गावाहून त्यातले दोन रस्त्यातच जातात.

लढतीनंतर

डोक्यावरच्या माराने लढत थांबली तर सक्तीची विश्रांती आहे. शुद्ध हरपली नसेल तर किमान ३० दिवस, एक मिनिटाच्या आत शुद्ध आली तर ९०, त्याहून जास्त वेळ बेशुद्ध असेल तर १८०. वर्षभरात असं तीनदा झालं तर एक वर्ष. या काळात स्पारिंगही नाही. ही नोंद त्या वहीत होते, म्हणून वही घरी ठेवा म्हटलं. ती प्रशिक्षकाकडे असली की पुढच्या महिन्यातल्या निवड चाचणीला ‘हरवते’.

परतीचा प्रवास बहुतेकदा रात्रीच्या एसटीने होतो आणि हरलेला मुलगा मागच्या सीटवर झोपतो. ‘दमलाय, झोपू दे’ म्हणून सोडू नका. वाढत जाणारी डोकेदुखी, उलटी, जागं करायला त्रास, बोलण्यात गोंधळ, एका डोळ्याची बाहुली मोठी दिसणं, यातलं काहीही दिसलं तर वाटेत जे मोठं रुग्णालय येईल तिथे उतरा. सुरुवातीला मूल अगदी ठीक वाटणं आणि काही तासांनी ढासळणं, हे मेंदूवरच्या रक्तस्रावात होतं.

इजा झाली आणि लढत वेळेवर थांबवली नाही असं वाटत असेल तर रुग्णालयात दाखल करताना ‘स्पर्धेत मार लागला’ असंच सांगा आणि एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवली जाणारी वैद्यकीय-कायदेशीर नोंद, करून घ्या. ‘घरी पडला’ असं सांगायचा दबाव येतो. एकदा तसं लिहिलं गेलं की पुढे काही सिद्ध करणं कठीण. लेखी तक्रार स्पर्धाप्रमुख आणि जिल्हा क्रीडा अधिकारी दोघांकडे द्या, सोबत निकालपत्रकाची प्रत आणि लढतीचा व्हिडिओ. व्हिडिओ कुणाच्या तरी मोबाईलमध्ये असतोच, त्याच दिवशी मागून घ्या. शाळकरी मुलासाठी राजीव गांधी विद्यार्थी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदानाचा प्रस्ताव मुख्याध्यापकांमार्फत शिक्षणाधिकाऱ्यांकडे जातो. त्याला पोलिसांचे कागद आणि रुग्णालयाची बिले लागतात, म्हणून मूळ बिले कुणालाही देऊ नका.