घराच्या जाहिरातीतले शाळेचे गुण

माझी मामेबहीण गेल्या वर्षी टेक्सासमध्ये, डॅलसच्या उपनगरांत घर शोधत होती. रोज रात्री चार-पाच घरांच्या लिंक यायच्या. किंमत, खोल्या, मागचं अंगण आणि त्याखाली एका चौकटीत आकडा: शाळा, 10 पैकी 9. पुढच्या घराला 5. या दुसऱ्या घराचं स्वयंपाकघर ऐसपैस होतं, किंमतही आवाक्यातली. "दादा, तू संख्याशास्त्र शिकवतोस ना? मग या 9 आणि 5 मध्ये नक्की काय असतं ते सांग मला," असं तिनं विचारलं आणि मी त्यात पुरता गुंतलो.

अमेरिकेत सरकारी शाळा चालवतं ते 'स्कूल डिस्ट्रिक्ट'. आपला जिल्हा डोळ्यांसमोर आणू नका. एखादं छोटं गाव किंवा मोठ्या शहराचा एखादा तुकडाही स्वतंत्र डिस्ट्रिक्ट असतो. देशभरात असे सुमारे 13 हजार आहेत. घर ज्या हद्दीत, मूल बहुतेक वेळा त्याच हद्दीतल्या शाळेत. शाळांच्या पैशातला साधारण दहावा हिस्सा केंद्र देतं, उरलेला राज्य आणि स्थानिक पातळीवरून जवळपास निम्मानिम्मा येतो. हा स्थानिक पैसा म्हणजे मुख्यतः घरपट्टी.

घरपट्टीवर शाळा चालवली की काय होतं, हे टेक्सासमधल्याच सॅन अँटोनियो शहरात फार उघडपणे दिसलं. शहराच्या पश्चिमेला एजवुड डिस्ट्रिक्ट. जवळपास 90 टक्के मुलं मेक्सिकन वंशाच्या कुटुंबांतली. त्याच शहरात अलामो हाइट्स हा सधन गोऱ्या वस्तीचा डिस्ट्रिक्ट. 1967-68 मध्ये एजवुडचे लोक मालमत्तेच्या दर 100 डॉलरमागे 1.05 डॉलर कर भरत होते, अलामो हाइट्सचे 0.85. म्हणजे दर जास्त गरिबांचाच. तरी त्या करातून शाळेच्या हाती दर मुलामागे एजवुडला 26 डॉलर आले आणि अलामो हाइट्सला 333. राज्य आणि केंद्राची भर पडल्यावरही एकूण आकडा 356 विरुद्ध 594 असाच राहिला. मे 1968 मध्ये एजवुडच्या हायस्कूलमधली शेकडो मुलं वर्ग सोडून बाहेर पडली. हवाई दलाच्या तळावर पत्र्याचं काम करणारे डिमेट्रिओ रॉड्रिग्ज आणि काही पालक कोर्टात गेले. त्यांची मुलं ज्या शाळेत जात होती, तिच्या मोडकळीला आलेल्या इमारतीत वटवाघळांनी ठाण मांडलं होतं.

1973 मध्ये देशाच्या सर्वोच्च न्यायालयानं 5 विरुद्ध 4 मतांनी पालकांच्या विरोधात निकाल दिला: शिक्षण हा अमेरिकी राज्यघटनेनं दिलेला मूलभूत हक्क नाही. आपल्याकडे 2002 च्या घटनादुरुस्तीनं तो हक्क लिहून ठेवला आहे, म्हणून हा निकाल वाचताना मला विशेष टोचतो. एजवुडनं मात्र हार मानली नाही. 1984 मध्ये राज्याच्या न्यायालयात नवा दावा लागला, 1989 मध्ये टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयानं एकमतानं तो मान्य केला आणि 1993 पासून श्रीमंत डिस्ट्रिक्टच्या करातला हिस्सा गरीब डिस्ट्रिक्टकडे वळू लागला.

आता बहिणीच्या आकड्याकडे येतो. असे गुण बव्हंशी परीक्षेतल्या निकालावर बेतलेले असतात, आणि सरासरी निकाल हा शाळेइतकाच, खरं तर शाळेपेक्षा जास्त, तिथं कोण राहतं हे सांगतो. एक काल्पनिक उदाहरण घ्या. 'अ' शाळेत 80 मुलं सुखवस्तू घरांतली, त्यांची सरासरी 70. आणि 20 मुलं गरीब घरांतली, त्यांची 45. शाळेची सरासरी 65. 'ब' शाळेत सुखवस्तू मुलं 30, त्यांची सरासरी 74. गरीब मुलं 70, त्यांची 50. शाळेची सरासरी 57.2. यादीत 'अ' वर, 'ब' खाली. पण मूल सुखवस्तू असो की गरीब, ते 'ब' मध्येच जास्त गुण मिळवतंय! हे गणित मी वर्गात फळ्यावर मांडतो, तेव्हा दोन-तीन विद्यार्थी तरी वहीत पुन्हा करून बघतात.

गरीब मूल कोणतं हे मोजायची तिकडची जुनी पट्टी म्हणजे दुपारचं जेवण. कुटुंबाचं उत्पन्न सरकारी दारिद्र्यरेषेच्या 130 टक्क्यांपर्यंत असेल तर जेवण फुकट, 185 टक्क्यांपर्यंत असेल तर सवलतीत. आता अनेक गरीब वस्त्यांतल्या शाळांत सरसकट सगळ्यांनाच फुकट जेवण मिळतं. मुलांसाठी ते उत्तमच, पण आकड्यांची ती पट्टी पुसट झाली.

पैशानं निकाल सुधारतो का, हा प्रश्न याहून अवघड. 1966 मध्ये समाजशास्त्रज्ञ जेम्स कोलमन यांच्या प्रचंड पाहणीतून असं दिसलं की मुलांच्या गुणांतला फरक शाळेच्या साधनांपेक्षा घरच्या परिस्थितीशी जास्त जुळतो. 'पैसा ओतून उपयोग नाही' हा सूर तिथून रूढ झाला. पण जादा मदत मुळातच अडचणीतल्या मुलांना दिली जाते, त्यामुळे नुसता खर्च आणि गुण शेजारी मांडले तर गल्लत होते. दवाखान्यात औषधं जास्त घेणारेच जास्त आजारी दिसतात, म्हणून औषधानं आजार वाढतो असं आपण म्हणत नाही.

यातून वाट काढली ती कोर्टाच्या निकालांनीच. वेगवेगळ्या राज्यांत वेगवेगळ्या वर्षी निकाल लागले, शाळांना एकदम पैसा मिळाला. त्याआधी शाळेतून बाहेर पडलेली मुलं आणि नंतरची मुलं, अशी तुलना करता आली. किराबो जॅक्सन, रकर जॉन्सन आणि क्लॉडिया पर्सिको या संशोधकांनी 1955 ते 1985 दरम्यान जन्मलेल्यांचा माग काढला. शाळेच्या बाराही वर्षांत दर मुलामागे खर्च 10 टक्के जास्त असेल, तर पुढे शिक्षण सरासरी 0.31 वर्षानं वाढलं आणि मोठेपणीची मजुरी सुमारे 7 टक्क्यांनी. गरीब घरांतल्या मुलांना फायदा सर्वांत ठळक झाला. 2016 मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला.

शाळेचं स्वतःचं काम मोजायचं तर मूल किती गुण मिळवतं यापेक्षा ते एका वर्षात किती पुढं गेलं हे बघावं लागतं. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या शॉन रिअर्डन यांनी 11 हजारांहून अधिक डिस्ट्रिक्टचे निकाल असे तपासले. सरासरी गुण घरच्या सांपत्तिक स्थितीशी घट्ट बांधलेले निघाले. वाढीचा वेग मात्र तिच्याशी फारच सैल जोडलेला. शिकागोत बहुसंख्य मुलं गरीब घरांतली, तिसरीतले गुण देशाच्या सरासरीच्या बरेच खाली. पण तिसरी ते आठवी या पाच वर्षांत त्या मुलांनी सहा वर्षांइतकी मजल मारली होती. घरांच्या जाहिरातीत शिकागोच्या शाळांना कोण 9 देणार?

हे सगळं मी बहिणीला फोनवर सांगितलं. त्या शनिवारी तिनं दोन्ही शाळांच्या वर्षागणिक वाढीचे आकडे शोधून काढले. 5 वाल्या शाळेचा वेग किंचित जास्तच होता. सोमवारी ती तिथं जाऊन आली. दुसरीच्या वर्गात एक शिक्षिका तीन मुलांना घेऊन खाली बसली होती. तिघंही जानेवारीत आले तेव्हा त्यांना इंग्रजी येत नव्हतं, आणि आता मे महिन्यात ती आळीपाळीनं बेडकाची गोष्ट मोठ्यानं वाचत होती. बहीण दारात उभी राहून सगळी गोष्ट ऐकून आली. ऑगस्टमध्ये भाचा त्याच वर्गात बसला.