शाळेच्या लायब्ररीसाठी व्हिडिओ आणि क्यूआर कोड

शाळेच्या लायब्ररीतली पुस्तकं मुलांपर्यंत पोचावीत म्हणून छोटे छोटे व्हिडिओ बनवायचे, त्यांची लिंक क्यूआर कोडमध्ये घालायची आणि तो कोड पुस्तकावर, कपाटावर, नोटीस बोर्डवर नाहीतर जिन्याच्या भिंतीवर चिकटवायचा. मुलाने मोबाईल किंवा टॅब समोर धरला की व्हिडिओ सुरू, अशी ही साधी पद्धत. ग्रंथपाल, भाषेचे शिक्षक आणि मुलं मिळून हे करतात. फुकटात कोड बनवून देणाऱ्या साइट भरपूर आहेत, त्यामुळे एक बरा कॅमेरा असलेला फोन आणि एक प्रिंटर एवढ्यावर भागतं. वेळ मात्र जातो, आणि तो सगळा व्हिडिओत जातो, कोड बनवायला दोन मिनिटं पण लागत नाहीत.

हे करायचं कशाला, तर कपाटात पुस्तक उभं असतं तेव्हा त्याची फक्त पाठ दिसते. दोन बोटं रुंदीची पट्टी, त्यावर नाव आणि दाखल नंबरचं लेबल. त्यावरून आत काय आहे ते मुलाला कळणार कसं? ग्रंथपालांना विचारलं तर ते सांगतात, पण अख्खा वर्ग एकदम आत येतो आणि सांगणारं माणूस एकच, आणि लाजरं पोर तर विचारतच नाही. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले, त्यात प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक असे दोन नियम आहेत. पहिल्या नियमासाठी आपण यादी, कॅटलॉग, वर्गीकरण सगळं करतो. दुसरा नियम मात्र मागे पडतो, म्हणजे पुस्तकाने स्वतः उठून वाचक शोधायचा. कोड आणि व्हिडिओचं काम नेमकं तिथेच आहे.

क्यूआर कोडबद्दल थोडं

क्यूआर म्हणजे क्विक रिस्पॉन्स. हा कोड १९९४ मध्ये जपानच्या डेन्सो वेव्ह कंपनीत मासाहिरो हारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बनवला, तोही गाड्यांच्या सुट्या भागांची नोंद ठेवायला, कारण साध्या बारकोडमध्ये माहिती फार कमी मावायची. कंपनीने पेटंटचा हक्क बजावला नाही, वापर सगळ्यांना मोकळा ठेवला, म्हणून तो जगभर पसरला. २००० साली त्याला आंतरराष्ट्रीय मानक मिळालं. २०१७ मध्ये आयफोनच्या कॅमेऱ्यातच स्कॅन करायची सोय आली, अँड्रॉइडच्या बहुतेक फोनमध्येही आता ती असते, वेगळं ॲप टाकायची कटकट संपली.

तीन कोपऱ्यांतले मोठे चौकोन असतात ना, त्यातल्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं प्रमाण कुठूनही बघितलं तरी १:१:३:१:१ येतं, त्यामुळे कोड उलटा तिरका कसाही धरला तरी फोनला सापडतो. दुरुस्तीच्या चार पातळ्या आहेत, सगळ्यात वरच्या पातळीला साधारण ३० टक्के भाग खराब झाला तरी कोड वाचता येतो. लायब्ररीच्या पुस्तकावर हीच पातळी घ्यावी, कारण पुस्तक दप्तरात घासतं, स्टिकरचा कोपरा मुलं नखाने उचकटतात, पावसात भिजतं.

एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. लिंक जेवढी लांब तेवढे कोडातले चौकोन जास्त आणि बारीक, सगळ्यात लहान कोड २१ बाय २१ चा आणि सगळ्यात मोठा १७७ बाय १७७ चा. आणि लिंकमध्ये देवनागरी नाव आलं की गंमत बघा, पत्त्यात एकेक अक्षर, एकेक काना-मात्रा सुटी मोजली जाते आणि प्रत्येकाची ९ चिन्हं होतात, म्हणजे नुसता म लिहिला तरी %E0%A4%AE अशी रोमन अक्षरं आणि आकड्यांची शेपटी लागते. छोटंसं मराठी नाव घातलं तरी कोड एवढा दाट होतो की छोट्या स्टिकरवर तो वाचायला फोनला त्रास होतो. म्हणून लिंक छोटी ठेवायची.

आणि ती आपल्या हातातली ठेवायची. काही साइट बदलता कोड देतात, म्हणजे कोडात त्यांचा पत्ता असतो आणि तो पुढे आपल्या व्हिडिओकडे पाठवतो. सोयीचं आहे, व्हिडिओ बदलला तरी स्टिकर तोच राहतो, पण फुकटची मुदत संपली की लावलेले सगळे स्टिकर एकदम मेलेले. त्यापेक्षा शाळेच्या स्वतःच्या वेबसाइटवर प्रत्येक पुस्तकासाठी एक छोटं पान करावं आणि कोड त्या पानाचा काढावा, आतला व्हिडिओ मग केव्हाही बदलता येतो.

व्हिडिओ कसले

सिनेमाच्या ट्रेलरसारखे पुस्तकांचे ट्रेलर बनतात, शिक्षकांनी पहिलं पान मोठ्याने वाचलेलं असतं, पुस्तक कसं शोधायचं आणि कसं इश्यू करायचं ते दाखवणारे पण असतात. हे सगळे उपयोगी आहेतच. पण सगळ्यात जास्त चालतं ते एका मुलाने दुसऱ्या मुलाला सांगितलेलं, आणि ते चालायला पण हवं. विचार करा, पाचवीतला मुलगा जाड पुस्तक हातात घेऊन उभा आहे, ठेवू का नेऊ अशी चलबिचल चाललीये, कव्हरच्या आत स्टिकर दिसतो, टॅब धरतो आणि सातवीतली एक ताई पडद्यावर येते, तेच पुस्तक हातात, तिच्या पाठीमागे तेच कपाट, आणि ती सांगते की सुरुवातीची वीस पानं जरा कंटाळवाणी आहेत पण सोडू नको, विहिरीचा प्रसंग आला की खाली ठेवताच येणार नाही. बास, चाळीस सेकंद. कुठल्याही पोस्टरला हे जमत नाही, कारण ती खरं बोलतेय हे मुलाला कळतं.

म्हणून मुलांना पाठांतर करून बोलायला लावू नये, अडखळली तर अडखळू द्यावं. शेवट फोडायचा नाही एवढीच अट. एक मिनिटाच्या आत संपवावा, बोलणाऱ्या मुलाची पाठ खिडकीकडे नसावी म्हणजे चेहरा काळा येत नाही, आणि आवाज नीट यावा म्हणून मधली सुट्टी सोडून रेकॉर्ड करावं. खाली सबटायटल हवीतच, ऐकू न येणाऱ्या मुलांसाठी तर हवीतच, शिवाय लायब्ररीत आवाज बंद ठेवून बघणाऱ्यांसाठी पण. चित्रपटातली गाणी मागे लावू नयेत, त्याचे हक्क दुसऱ्याचे असतात, आणि सगळं पुस्तक वाचून टाकणं पण परवानगीशिवाय चालत नाही.

मुलांचा चेहरा दाखवायचा तर पालकांची लेखी संमती घ्यावी, आडनाव आणि वर्ग सांगू नये. यूट्यूबवर अनलिस्टेड ठेवलं की व्हिडिओ शोधून सापडत नाही, पण लिंक ज्याच्याकडे तो बघू शकतो आणि कोड म्हणजे लिंकच, हे पालकांना आधीच सांगावं. ज्यांना चेहरा नको त्यांनी नुसते हात आणि पुस्तक दाखवून बोलावं, तेही छान होतं.

कोड कुठे लावायचा

मूल जिथे थांबतं तिथे. कव्हरच्या आत, कपाटाच्या कडेला, पाण्याच्या टाकीजवळच्या रांगेत. मागच्या कव्हरवरचा आयएसबीएनचा, म्हणजे पुस्तकाच्या ओळख क्रमांकाचा, बारकोड झाकू नये. कोडाभोवती त्यातल्या चार बारीक चौकोनांएवढी पांढरी जागा सोडायची, काळ्यावर पांढरा असा उलटा छापायचा नाही, चकचकीत लॅमिनेशन टाळायचं कारण उजेड चमकतो. अंतराचा ढोबळ हिशोब दहास एक, दोन मीटरवरून स्कॅन व्हायला हवा तर कोड २० सेंटिमीटरचा. आणि खाली एक ओळ लिहायचीच, "हे पुस्तक कसं आहे ते मैत्रिणीकडून ऐक" असं काहीतरी, कारण नुसता कोड बघून कोणी फोन काढत नाही. उघड्या जागेवरचे स्टिकर अधूनमधून तपासावेत, त्यावर कोणी दुसराच कोड चिकटवू शकतं.

बऱ्याच शाळांत मुलांना फोन आणायला बंदी असते आणि सगळ्यांच्या घरी फोन असतोच असं नाही. त्यावर उपाय म्हणजे लायब्ररीतच एक टॅब आणि हेडफोन ठेवणं, टॅब दोरीने टेबलाला बांधला तरी चालतो. हे केलं नाही तर ज्यांना आधीच सगळं मिळतं त्यांनाच हेही मिळतं, आणि ते मला बरोबर वाटत नाही.

परिणाम बघायचा तर व्ह्यूजचा आकडा फारसा कामाचा नाही, एकच मूल दहादा बघतं, बनवणाऱ्या मुलाचे आजी-आजोबा पण बघतात. इश्यू रजिस्टर उघडावं, स्टिकर लावलेली वीस पुस्तकं आणि तशीच न लावलेली वीस पुस्तकं घ्यावीत, आधीच्या तीन महिन्यांत किती वेळा गेली आणि नंतरच्या तीन महिन्यांत किती वेळा गेली ते मोजावं.