सांता क्लारा काउंटीचं बजेट: हिशोब कसा विचारायचा, कुणाला विचारता येतो आणि कागदपत्रं कोणती लागतात

कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेल, क्युपर्टिनो, मिल्पिटस, सॅन होजे या पट्ट्यात घर घेतलेली मराठी कुटुंबं दरवर्षी हजारो डॉलर प्रॉपर्टी टॅक्स भरतात. त्यातल्या अनेकांना वाटतं, ‘आपण एच-वनवर किंवा ग्रीन कार्डवर, आपल्याला मत नाही. मग काउंटीच्या पैशांबद्दल आपण काय बोलणार?’ हा समज काढून टाकायला हवा. मतदान सोडलं, तर बजेटवर बोलणं, करारांच्या प्रती मागणं, घराच्या मूल्यांकनाला आव्हान देणं, गैरव्यवहाराची तक्रार करणं यांपैकी कशालाही अमेरिकन नागरिकत्व लागत नाही. बहुतेक ठिकाणी ओळखपत्रही कुणी मागत नाही.

काउंटीकडे कुठला पैसा येतो

आधी एक घोळ निस्तरू. तुमच्या गल्लीतला खड्डा, कचरा, बाग ही कामं शहराची. शाळेचं बजेट स्कूल डिस्ट्रिक्टचं. काउंटीकडे येतात ती सरकारी रुग्णालयं, सार्वजनिक आरोग्य, तुरुंग, निवडणुका, घरांच्या नोंदी, आणि मेडि-कॅल (कमी उत्पन्न असलेल्यांचा आरोग्यविमा), कॅलफ्रेश (अन्नासाठी मदत) अशा राज्य व केंद्राच्या योजनांची अंमलबजावणी. क्युपर्टिनो आणि साराटोगा यांना स्वतःचं पोलीस खातं नाही. तिथे काउंटीच्या शेरीफचे लोक कराराने काम करतात.

सांता क्लारा काउंटीचं वार्षिक बजेट १३ अब्ज डॉलरच्या पुढे गेलं आहे. आकडा प्रचंड दिसतो, पण त्यातला बराच पैसा राज्याकडून आणि केंद्राकडून ठरलेल्या कामासाठीच आलेला असतो आणि तो दुसरीकडे वळवता येत नाही. सुपरवायझरांना (काउंटीच्या बोर्डावर निवडून आलेल्या सदस्यांना) खरा निर्णय घेता येतो तो मुख्यतः जनरल फंडाबद्दल, म्हणजे ठरावीक कामाला न बांधलेल्या पैशाबद्दल. म्हणून बजेटची जाडजूड फाइल उघडल्यावर सगळ्यात आधी जनरल फंडाचं पान काढावं.

नोव्हेंबर २०२५ मध्ये इथल्या मतदारांनी मेझर ए मंजूर केलं: पाच वर्षांसाठी विक्रीकरात डॉलरमागे ५/८ सेंटची वाढ. केंद्राने मेडिकेडला (मेडि-कॅल हे त्याचंच इथलं रूप) लावलेल्या कात्रीतून रुग्णालयं वाचवायची, हा प्रचाराचा मुख्य मुद्दा होता. पण कायद्याच्या भाषेत हा ‘सामान्य कर’ आहे. विशिष्ट कामासाठी बांधलेला कर असता तर दोन तृतीयांश मतं लागली असती. सामान्य कराला साधं बहुमत पुरतं आणि त्याचा पैसा जनरल फंडात जातो. म्हणजे तो खरोखर रुग्णालयांवर खर्च होतो का, हे दरवर्षी बजेटच्या वेळी पाहावं लागेल. पुढे दिलेल्या सगळ्या वाटा मला महत्त्वाच्या वाटतात त्या यासाठीच.

बजेटचं वर्ष

आर्थिक वर्ष १ जुलै ते ३० जून. साधारण मेच्या सुरुवातीला काउंटी एक्झिक्युटिव्ह शिफारस केलेलं बजेट प्रसिद्ध करतात. मेमध्ये पाच सुपरवायझरांच्या बोर्डासमोर विभागवार चर्चा होते, जूनमध्ये जाहीर सुनावणी आणि मंजुरी. मेच्या मध्यावर राज्यपाल राज्याचं सुधारित बजेट मांडतात आणि त्यामुळे काउंटीचे आकडे पुन्हा हलतात. कायद्याने अंतिम बजेटला २ ऑक्टोबरपर्यंत मुदत आहे.

तुमचं म्हणणं मेमधल्या चर्चेतच मांडा. जूनच्या सुनावणीपर्यंत बहुतेक गोष्टी ठरत आलेल्या असतात. एकदा बजेट मंजूर झालं, की वर्षाच्या मधे अनपेक्षितपणे आलेला पैसा खर्चाला लावायला पाचपैकी चार सुपरवायझरांची मतं लागतात, आणि चार मतं गोळा करणं सोपं नसतं.

सुनावणीत बोलायचं असेल तर

पात्रता: कुणीही. कॅलिफोर्नियाचा ब्राउन ॲक्ट (सरकारी सभा खुल्या ठेवण्याचा कायदा) ‘जनतेतल्या प्रत्येकाला’ हा हक्क देतो. व्हिसा, मतदार नोंदणी, घराची मालकी यांचा प्रश्नच येत नाही. सभेला नुसतं बसायचं असेल, तर नाव नोंदवण्याची सक्तीही करता येत नाही.

नियमित सभेची विषयपत्रिका किमान ७२ तास आधी लावावीच लागते. तिच्यात आपल्या विषयाचा क्रमांक पाहून ठेवा. सभा सॅन होजेमध्ये ७० वेस्ट हेडिंग स्ट्रीटवरच्या काउंटी इमारतीत होते. बोलायला एक ते तीन मिनिटं मिळतात. गर्दी बघून अध्यक्ष वेळ ठरवतात. लेखी म्हणणं क्लर्क ऑफ द बोर्डकडे (बोर्डाचं दप्तर सांभाळणाऱ्या कार्यालयाकडे) पाठवलं, तर ते सभेच्या दप्तरात जातं.

आपल्याकडे फारशी कुणाला ठाऊक नसलेली एक तरतूद: अनुवादकाच्या मदतीने बोलणाऱ्याला किमान दुप्पट वेळ द्यावा लागतो. आईबाबांना काउंटीच्या रुग्णालयातल्या दुभाष्यांबद्दल किंवा ज्येष्ठांच्या सेवांबद्दल सांगायचं असेल, तर त्यांनी खुशाल मराठीत बोलावं आणि मुलाने किंवा सुनेने शेजारी उभं राहून इंग्रजीत सांगावं. अनुभव ज्याचा आहे त्याच्या तोंडून ऐकला, की समोरचे लोक कान देतात.

कागद मागायचे असतील तर

गावाकडे माहितीच्या अधिकारात अर्ज केलेल्यांना हे चटकन समजेल, पण फरक मोठे आहेत. भारतातला माहिती अधिकार नागरिकांना आहे; कॅलिफोर्निया पब्लिक रेकॉर्ड्स ॲक्टखाली कुणीही कागद मागू शकतो, अगदी पुण्यात बसूनसुद्धा. तिकडे १० रुपयांचा शुल्कमुद्रांक लावावा लागतो, इथे अर्जाला शुल्क नाही. तिकडे उत्तराची मुदत ३० दिवस. इथे १० दिवसांत एवढं कळवायचं असतं, की मागितलेले कागद आहेत का आणि द्यायचे की नाही. सबळ कारण असेल तर आणखी १४ दिवस वाढवून घेता येतात. प्रत्यक्ष कागद हातात यायला त्याहून जास्त वेळ लागू शकतो, म्हणून दहाव्या दिवशी फाइल आली नाही तर गडबडून जाऊ नका.

ठरावीक नमुना नाही, शपथपत्र नाही, कारणही सांगावं लागत नाही. विचारलं तरी सांगायला तुम्ही बांधील नाही. कार्यालयात जाऊन कागद पाहणं फुकट. प्रती हव्या असतील तर फक्त प्रत काढण्याचा खर्च.

सगळं यश शब्दरचनेवर ठरतं. ‘रुग्णालयाचा खर्च का वाढला?’ असं लिहिलंत तर हाती काही लागणार नाही, कारण कायदा असलेला कागद मिळवून देतो, प्रश्नाचं उत्तर देण्याची सक्ती करत नाही. त्याऐवजी असं लिहा: ‘१ जुलै २०२४ ते ३० जून २०२५ या काळात अमुक विभागाने हंगामी परिचारिका पुरवणाऱ्या कंपन्यांशी केलेले करार, त्यांत नंतर झालेले बदल आणि प्रत्येक कंपनीला दिलेल्या रकमांची यादी. यादी एक्सेलमध्ये असेल तर त्याच स्वरूपात द्यावी.’ काळ ठरलेला, विभाग ठरलेला, कागदाचा प्रकार ठरलेला. अशी मागणी टोलवणं अवघड जातं. शिवाय नेमकं काय मागावं हे कळत नसेल, तर ते ठरवायला मदत करण्याची जबाबदारी कायद्याने कार्यालयावर टाकली आहे. निःसंकोचपणे मदत मागा.

रुग्णांची माहिती, कर्मचाऱ्यांच्या खासगी बाबी, वकिलाशी झालेला पत्रव्यवहार अशा गोष्टी मिळत नाहीत. पण पानभर मजकुरात दोन ओळी गोपनीय असतील, तर तेवढ्या झाकून बाकीचं पान द्यावं लागतं. नकार आला तर कुठल्या तरतुदीखाली, ते सांगावं लागतं. इथे पहिलं अपील, दुसरं अपील असा मार्ग नाही, थेट कोर्ट. मात्र अर्जदार जिंकला तर वकिलाचा खर्च सरकारी कार्यालयावर पडतो, त्यामुळे नीट लिहिलेला अर्ज सहसा कुणी हलक्यात घेत नाही.

तुमच्या बिलातली दोन कामं

प्रॉपर्टी टॅक्सचा पाया म्हणजे १९७८ सालचं प्रपोझिशन १३. मूळ दर मूल्यांकनाच्या १ टक्का, आणि मालकी बदलत नाही किंवा नवं बांधकाम होत नाही तोवर मूल्यांकन वर्षाला २ टक्क्यांहून जास्त वाढत नाही. १२ लाख डॉलरला घेतलेल्या घराचा मूळ कर १२,००० डॉलर. पुढच्या वर्षी मूल्यांकन फार तर १२,२४,०००. याखेरीज मतदारांनी मंजूर केलेल्या कर्जरोख्यांचा आणि पार्सल टॅक्सचा (घराच्या किमतीवर न ठरणाऱ्या वेगळ्या कराचा) भार बिलावर वेगळा दिसतो. हा सगळा पैसा काउंटी गोळा करते, पण तो सगळा तिचा नसतो. मोठा वाटा शाळांना जातो.

पहिलं काम होमओनर्स एक्झेम्प्शनचं, म्हणजे राहत्या घरावरच्या करसवलतीचं. मूल्यांकनातून ७,००० डॉलर वजा होतात, म्हणजे वर्षाला साधारण ७० डॉलर वाचतात. रक्कम छोटी आहे, पण अर्ज एकदाच करायचा आणि लाभ दरवर्षी. पात्रता: १ जानेवारीला घर तुमच्या मालकीचं असावं आणि तेच तुमचं मुख्य राहतं घर असावं. भाड्याने दिलेल्या घराला हा लाभ नाही. अर्जात सोशल सिक्युरिटी नंबर, पार्सल नंबर आणि राहायला आल्याची तारीख लागते. पूर्ण लाभासाठी १५ फेब्रुवारीपर्यंत अर्ज असेसरकडे (मूल्यांकन ठरवणाऱ्या काउंटीच्या अधिकाऱ्याकडे) पोचायला हवा. त्यानंतर १० डिसेंबरपर्यंत दिला तर त्या वर्षी ८० टक्के लाभ मिळतो. हा अर्ज मोफत आहे. घर घेतल्यावर सरकारी दिसणाऱ्या लिफाफ्यात पैसे मागणारी पत्रं येतात. ती खासगी दलालांची असतात, त्यांना एक डॉलरही देऊ नका.

दुसरं काम मूल्यांकनाविरुद्धच्या अपिलाचं. १ जानेवारीला घराचा बाजारभाव मूल्यांकनापेक्षा कमी होता, असं दाखवता आलं तरच यात अर्थ आहे. पंधरा वर्षांपूर्वी घर घेतलेल्यांचं मूल्यांकन बाजारभावाच्या खूप खाली असतं. त्यांनी या खटाटोपात पडू नये. तेजीच्या टोकाला घर घेतलेल्यांनी मात्र नक्की पाहावं. आधी जुलैमध्येच असेसरकडे फेरपाहणीची विनंती करावी, बरीच प्रकरणं तिथेच मिटतात. औपचारिक अपिलाची खिडकी २ जुलै ते १५ सप्टेंबर, आणि अर्ज जातो क्लर्क ऑफ द बोर्डकडे, असेसरकडे नाही.

कागदपत्रं: मूल्यांकनाची नोटीस, खरेदीचं क्लोजिंग स्टेटमेंट, घरात मोठा दोष असेल तर फोटो आणि दुरुस्तीचा अंदाज, आणि सगळ्यात वजनदार पुरावा म्हणजे आसपासच्या सारख्या घरांचे विक्रीचे भाव. ही विक्री ३१ मार्चनंतरची चालत नाही. वेबसाइटवरचे अंदाजे भाव पुरावा म्हणून टिकत नाहीत, प्रत्यक्ष झालेली विक्रीच दाखवा. अपील चालू असलं तरी कर वेळेवर भरावा लागतो. पहिला हप्ता १० डिसेंबरपर्यंत, दुसरा १० एप्रिलपर्यंत. चुकला तर १० टक्के दंड. ‘बिल मिळालंच नाही’ ही सबब चालत नाही. नव्याने घर घेणाऱ्यांना सप्लिमेंटल बिल (मालकी बदलल्यावर बदललेल्या मूल्यांकनाच्या फरकाचं) वेगळं येतं. कर बँकेच्या एस्क्रोतून जात असला तरी हे बिल बँकेकडे जात नाही, ते घरी येतं आणि आपणच भरायचं असतं.

पैसा ठेवला कुठे आहे, आणि तक्रार कुठे करायची

कर गोळा झाल्यापासून खर्च होईपर्यंत पैसा काउंटीच्या तिजोरीत गुंतवलेला असतो, आणि त्यात शाळांचाही पैसा असतो. डिसेंबर १९९४ मध्ये दक्षिणेकडच्या ऑरेंज काउंटीने दिवाळखोरी जाहीर केली. तिथल्या ट्रेझररने कर्ज काढून व्याजदर खालीच राहतील या हिशोबाने गुंतवणूक केली होती. दर चढले आणि सुमारे १.६ अब्ज डॉलर बुडाले. त्या धक्क्यानंतर राज्याने नियम कडक केले आणि क्रम ठरवून दिला: आधी मुद्दल सुरक्षित, मग गरजेला रोकड, आणि शेवटी व्याज. तुमच्या काउंटीच्या गुंतवणुकीचा अहवाल उघडलात, तर व्याजाचा टक्का बघून खूश होण्याआधी पैसा किती मुदतीसाठी आणि कशात अडकवला आहे, ते पाहा.

गैरवापराचा संशय असेल तर सिव्हिल ग्रँड ज्युरीकडे, म्हणजे स्थानिक सरकारचा कारभार तपासणाऱ्या नागरिकांच्या मंडळाकडे, तक्रार करता येते. ती कुणीही करू शकतो आणि गोपनीय राहते. तक्रारीत तारखा, विभाग, रकमा आणि मिळवलेल्या कागदांच्या प्रती जोडाव्यात. नुसत्या रागावर चौकशी उभी राहत नाही. ज्युरीने अहवाल दिला, की त्यात नाव आलेल्या बोर्डाला ९० दिवसांत लेखी उत्तर द्यावं लागतं, आणि ते सगळ्यांना वाचता येतं.

या १९ जणांच्या ज्युरीत स्वतः बसायचं असेल, तर मात्र नागरिकत्व लागतं, शिवाय वय १८ पूर्ण, काउंटीत किमान एक वर्ष वास्तव्य आणि कामापुरतं इंग्रजी. अर्ज सुपीरियर कोर्टाकडे करायचा, ज्युरीचं काम वर्षभराचं असतं. निवृत्त झालेल्या, नागरिकत्व घेतलेल्या आपल्या मंडळींनी याचा जरूर विचार करावा. हिशोब तपासण्यात ज्यांची हयात गेली असे कितीतरी जण या काउंटीत आहेत. आणि ज्यांना अजून नागरिकत्व मिळालेलं नाही त्यांनी डीएमव्हीचा (वाहन परवाना खात्याचा) फॉर्म भरताना मतदार नोंदणीचा भाग नीट वाचूनच सही करावी, कारण नजरचुकीने झालेली नोंदणीसुद्धा पुढे इमिग्रेशनच्या अर्जात अडचण आणू शकते.