आधी नट, मग जॅक

गाडी चालवणाऱ्याला चाक बदलता यायला हवं का, या प्रश्नाचं उत्तर लोक बहुतेक वेळा स्वतःच्या मनगटाकडे बघून देतात. नट फार घट्ट असतात, आपल्याच्यानं होणार नाही, मदतीला फोन केलेला बरा. नट घट्ट असतात हे खरं. पण क्रम ठाऊक असेल तर पन्नास किलो वजनाच्या माणसालाही चाक बदलता येतं, आणि क्रम चुकला तर पैलवानाचीही गाडी जॅकवरून घसरते. तेव्हा आमचं उत्तर ‘हो, यायला हवं’ असं आहे. चाक कुठे बदलायचं नाही, हे कळणं त्यातच आलं.

हे कळणं सगळ्यात आधी लागतं. चालत्या गाडीचं चाक बसलं की स्टिअरिंग एका बाजूला ओढायला लागतं आणि पाय आपोआप ब्रेकवर जातो. तो जाऊ द्यायचा नाही. स्टिअरिंग दोन्ही हातांनी सरळ धरायचं, अ‍ॅक्सिलरेटर सोडायचा, वेग उतरला की हळूच कडेला यायचं. हवा गेलेल्या टायरवर गाडी नेली तर रिमची कड टायरची बाजू चेमटत जाते, आतले धागे तुटतात, आणि पंक्चर काढून चालला असता असा टायर थोड्याच अंतरात भंगारात जातो. तरीही वेगवान रस्त्याच्या कडेला, वाहनं अंगावरून जात असताना थांबण्यापेक्षा मोकळ्या, सपाट जागेपर्यंत रखडत गेलेलं परवडलं. जागाच नसेल आणि बसलेलं चाक वाहतुकीच्या बाजूला असेल, तर चाक बदलायचंच नाही. इंडिकेटरचे चारही दिवे लावून माणसांनी गाडीपासून लांब, कठड्यापलीकडे उभं राहायचं आणि मदतीची वाट पाहायची.

जागा बरी मिळाली की पहिलं काम जॅकचं नसून पान्याचं. चाक जमिनीवर टेकलेलं असतानाच प्रत्येक नट अर्धा ते एक फेरा सैल करायचा. चाक हवेत असलं तर पान्याबरोबर तेच फिरतं. शिवाय नट सोडवायला लावलेला जोर उभ्या जॅकला आडवा बसतो, आणि जॅकला आडवा जोर अजिबात सोसत नाही.

आता त्या घट्ट नटाचा हिशेब बघू. छोट्या-मध्यम गाड्यांचे नट साधारण ९० ते १२० न्यूटन-मीटर (हे पिळण्याच्या जोराचं माप) इतके आवळायचे असतात; आपल्या गाडीचा नेमका आकडा तिच्या पुस्तिकेत असतो. ११० धरला, तर डिकीतल्या २५ सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकावर सुमारे ४५ किलोंचा भार द्यावा लागतो. हे हातांनी वर ओढून जमणं कठीण, पण वजनानं सहज जमतं. पान्याचा दांडा नटाच्या डावीकडे, जमिनीला समांतर येईल असा बसवायचा आणि खाली दाबायचं, की नट घड्याळाच्या उलट दिशेला फिरतो. दांडा तिरपा असला तर तेच वजन कमी पल्ल्यावर काम करतं, म्हणून समांतर. ६५ किलोंचा माणूस त्या टोकावर सावकाश उभा राहिला की १६० न्यूटन-मीटरच्या आसपास पिळा मिळतो.

तरीही नट हलत नाही, असं पुष्कळदा होतं. गंज हे एक कारण. दुसरं म्हणजे गॅरेजमधली हवेवर चालणारी बंदूक. ती नीट लावून वापरली नाही तर नट सहज २०० न्यूटन-मीटरवर जाऊन बसतो, आणि मग त्याच पान्यावर ८० किलोंहून जास्त भार लागतो. इथे लोक पान्यावर उड्या मारायला लागतात. पाना निसटतो, नटाचे कोपरे झिजून तो गोल होतो, घोटाही मुरगळतो. त्यापेक्षा पान्याच्या दांड्यावर ६० सेंटिमीटरचा लोखंडी पाइप चढवा. आता २०० न्यूटन-मीटरलाही ३४ किलो पुरतात. हा पाइप डिकीत असावा असं आम्हाला गाडीसोबत मिळणाऱ्या सगळ्या हत्यारांपेक्षा जास्त वाटतं. घट्ट करताना मात्र तो वापरायचा नाही.

एखाद्या चाकाचा एक नट इतरांपेक्षा वेगळा, कडेला नक्षी असलेला दिसला, तर तो चोरीपासून बचावाचा नट. त्याला स्वतःची किल्ली लागते. ती कुठे आहे हे घरी असतानाच शोधून ठेवा. ती नसेल तर बाकीची सगळी तयारी निरुपयोगी आहे.

नट सैल झाले. आता गाडी जागेवरून हलणार नाही याची सोय. हॅण्डब्रेक ओढला, गाडी गिअरमध्ये टाकली, म्हणजे झालं असं वाटतं, पण इथे डिफरन्शियल दगा देतं. वळणावर आतलं आणि बाहेरचं चाक वेगवेगळ्या गतीनं फिरावं म्हणून बसवलेली ही यंत्रणा, एक चाक उचललं की दुसऱ्याला मोकळं सोडते: जमिनीवरचं चाक पुढे सरकतं, हवेतलं तितकंच उलटं फिरतं, आणि गिअर किंवा ऑटोमॅटिकमधलं ‘पार्क’ दोन्हीकडे बघत बसतं. पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीचं पुढचं चाक उचललं, की तिला फक्त हॅण्डब्रेक धरून ठेवतो. तो बहुतेक गाड्यांत मागच्या चाकांवर असतो. मागची चाकं ढकलणाऱ्या गाडीचं मागचं चाक उचललं तर अवस्था याहून वाईट. गिअर निकामी आणि हॅण्डब्रेकही एकाच चाकावर. म्हणून उचलायच्या चाकाच्या तिरक्या समोरच्या चाकाला दोन्ही बाजूंनी दगड लावायचेच. उतारावर चाक बदलू नये, हेही त्यामुळेच. गाडीतली माणसंही उतरवायची.

जॅक लावायची जागा दाराखालच्या पट्टीवर, चाकाजवळ, खाच किंवा बाणानं दाखवलेली असते. तिथला पत्रा जाड आणि दुमडलेला असतो. हातभर अलीकडे-पलीकडे लावला तर जॅक तळाच्या पातळ पत्र्यात घुसतो.

जमीन मऊ असली तर आणखी एक भानगड. ३२ पीएसआय (हे हवेच्या दाबाचं माप) हवा असलेलं चाक जमिनीवर दर चौरस सेंटिमीटरला साधारण सव्वादोन किलोंचा दाब देतं. तोच कोपरा जॅकवर आला, की ४०० किलो भार ८ बाय १० सेंटिमीटरच्या तळावर, म्हणजे चौरस सेंटिमीटरला ५ किलो. जिथे टायर रुतला नाही तिथे जॅक रुततो, आणि रुतताना सरळ न जाता कलतो. खाली २५ सेंटिमीटर चौरस, जाड फळी टाकली तर दाब पाऊण किलोच्याही खाली येतो.

कात्रीसारखा उघडणारा जॅक खाली मिटलेला असताना फिरवायला सर्वांत जड जातो, कारण त्याचे हात जवळजवळ आडवे असतात आणि स्क्रूवर सगळ्यात जास्त ओढ येते. वर गेला की हलका होतो, पण तितकाच डळमळीतही. म्हणून लागेल तेवढंच उचलायचं. बसलेला टायर जमिनीपासून दोनतीन सेंटिमीटर सुटला की तो निघतो. हवा भरलेली स्टेपनी बसवायला मात्र आणखी चारपाच सेंटिमीटर लागतात, हे लोक विसरतात. गाडी जॅकवर असताना शरीराचा कोणताही भाग तिच्याखाली जाता कामा नये. काढलेलं चाक किंवा स्टेपनी दाराखाली आडवी सरकवून ठेवावी. जॅक निसटलाच तर गाडी तिच्यावर टेकते.

नट निघाले तरी चाक जागचं हलत नाही, असंही होतं. अ‍ॅल्युमिनियमचं रिम आणि ते ज्यावर बसतं तो लोखंडी हब यांच्यामध्ये गंज धरून ते चिकटतं. ओढू नका, ओढ जॅकला लागते. नट दोनतीन आट्यांवर परत लावा, गाडी खाली उतरवा, आणि फूटभर पुढे-मागे हलवा. गाडीचं वजनच चाक सोडवतं. मग ती पुन्हा पक्की करून उचला. नट लावलेले असल्यामुळे चाक निसटून पडत नाही.

स्टेपनी हा शब्द आपल्या तोंडी इतका रुळलाय की तो एका रस्त्याचं नाव आहे हे लक्षातही येत नाही. वेल्समधल्या लानेली गावात, स्टेपनी स्ट्रीटवर, डेव्हिस बंधूंनी १९०४ साली जादा चाकाचा धंदा सुरू केला. तोवर पंक्चर झालं की टायर तिथेच रस्त्यावर काढून दुरुस्त करावा लागे. त्यांची स्टेपनी म्हणजे आरे नसलेलं, टायर चढवलेलं नुसतं रिम होतं. ते बसलेल्या चाकाच्या कडेला क्लॅम्पनं अडकवायचं आणि निघायचं.

आजची स्टेपनी अनेक गाड्यांत बारीक आणि तात्पुरती असते. तिच्यात ६० पीएसआय हवा लागते, आणि ताशी ८० किलोमीटरची मर्यादा तिच्यावरच छापलेली असते. तिचा व्यास थोडा कमी असेल तर काय होतं? ६० सेंटिमीटर व्यासाचं चाक एका किलोमीटरला सुमारे ५३० फेरे घेतं. व्यास ३ टक्के कमी असला तर ५४६. हा १६ फेऱ्यांचा फरक सरळ रस्त्यावरही डिफरन्शियलला अखंड सोसावा लागतो. त्यामुळे पुढच्या चाकांनी ओढणाऱ्या गाडीत पुढचं चाक पंक्चर झालं, तर मागचं चांगलं चाक पुढे आणि बारीक स्टेपनी मागे, हा मार्ग उत्तम. दोनदा जॅक लावायचा कंटाळा येतो, हे मान्य.

चाक बसवून नट हातानं आट्यांवर फिरवायचे, निमुळती बाजू चाकाकडे. हातानं नीट फिरत नसेल तर आटे तिरपे बसलेत; काढून पुन्हा लावा. मग पान्यानं हलके आवळा, चाक जमिनीला टेकवा आणि तेव्हाच पूर्ण घट्ट करा. समोरासमोरचे नट घ्या, शेजारचे नाही. पाच असतील तर चांदणी काढतो तसे. ओळीनं आवळले तर रिम एका बाजूनं आधी टेकतं आणि दुसऱ्या बाजूला फट राहते, पुढे गाडी चालू लागल्यावर ती फट मिटते आणि नट सैल पडतात.

आट्यांना तेल किंवा ग्रीस लावायचा मोह टाळा. नटाला दिलेल्या पिळ्यातला ढोबळमानानं निम्मा त्याच्या टेकलेल्या बाजूचं घर्षण खातं, ४० टक्के आट्यांतलं घर्षण, आणि जेमतेम १० टक्के स्टडला, म्हणजे नट ज्यावर फिरतो त्या दांड्याला, ताणून चाक दाबून धरण्यात जातो. तेलानं घर्षण घटलं की त्याच पिळ्याला स्टड कितीतरी जास्त ताणला जातो, प्रसंगी तुटतो. ११० न्यूटन-मीटरला १२ मिलिमीटरचा कोरडा स्टड साधारण साडेचार टन जोरानं चाक हबवर दाबतो. चार स्टडचे अठरा टन. गाडीचा भार स्टड आडवे पेलत नाहीत, तो या दाबानं निर्माण झालेलं घर्षण पेलतं. दाब गेला की रिम हबवर सरकायला लागतं, स्टड प्रत्येक फेऱ्याला इकडून तिकडे वाकतो आणि थकून मोडतो.

हा साडेचार टनांचा जोर आणताना स्टड ताणून किती लांबतो? कागदाच्या जाडीहूनही कमी, मिलिमीटरच्या एक दशांशाच्या आत. मध्ये गंजाचा किंवा रंगाचा बारीक पापुद्रा राहिला आणि चालताना तो चुरडला, तर ताणाचा मोठा हिस्सा नाहीसा होतो. हबचा माथा फडक्यानं पुसणं आणि ५० ते १०० किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळणं, हे दोन्ही याचसाठी. तेव्हा जमल्यास टॉर्क पाना, म्हणजे पिळा मोजून आवळणारा पाना, वापरावा.

पुष्कळ नव्या गाड्यांत स्टेपनी नसतेच. डिकीत एक बाटली आणि छोटा पंप सापडतो. बाटलीतला चिकट द्रव वॉल्व्हमधून आत सोडायचा, हवा भरायची आणि लगेच काही किलोमीटर हळू चालवायचं, म्हणजे फिरत्या चाकात तो भोकापर्यंत पसरतो. मग हवा पुन्हा तपासायची. खिळ्याएवढ्या भोकाला हे चालतं. बाजू फाटली असेल किंवा रिम वाकलं असेल तर अजिबात नाही. बाटलीला मुदतही असते. खिळा आतच रुतून राहिला असेल तर उपटू नका, तो भोक बऱ्यापैकी बुजवून बसलेला असतो.

स्टेपनी असलीच, तर तिच्यात हवा आहे का? रबरातून हवा झिरपत असते, महिन्याला साधारण एक पीएसआय. वर्षभर न पाहिलेली स्टेपनी बाहेर काढेपर्यंत तीही मऊ झालेली असते. टायरच्या बाजूला लंबगोलात चार आकडे असतात: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. न वापरलेलं रबरही म्हातारं होतं, त्यामुळे दहा वर्षांपुढची स्टेपनी कोरी दिसली तरी बदलावी.

पंक्चर काढायला दिलेला टायर रिमवरून उतरवून आतून बघायला सांगा. भोक जमिनीला टेकणाऱ्या भागात आणि ६ मिलिमीटरपर्यंत असेल तर तो दुरुस्त होतो, खांद्यावर, म्हणजे त्या भागाच्या कडेला, किंवा बाजूला असेल तर नाही. आत काळी भुकटी सापडली, तर ती बाजूच्या घासलेल्या रबराची असते. अशा टायरला बाहेरून कितीही छोटं भोक दिसलं तरी तो पुन्हा चढवायचा नाही.